कुटचा वेढा आणि शिपायांची साक्ष

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपल्या मंडळीच्या डोळ्यांपुढें दप्तराचे रुमाल, मोडी पत्रें, महजर आणि सनदा येतात. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांच्या पहिल्या खंडांत पानिपतच्या काळचीं मूळ पत्रें छापून बखरकारांच्या चुका उघड्या केल्या. तेव्हांपासून अस्सल कागदाचा एक चिटोरा ऐकीव हकीकतीच्या पोथीहून श्रेष्ठ, ही शिस्त संशोधकांच्या अंगीं मुरली आहे. आम्हीही तिच्यांतच वाढलों, व ती सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्यास अक्षर येत नव्हतें त्या मनुष्याचा कागद शोधूं गेल्यास काय सांपडणार? त्याच्याविषयीं दुसऱ्यानें लिहिलेला कागद सांपडतो. आणि तो दुसरा बहुधा त्याचा सावकार असतो, मामलेदार असतो, नाहीं तर सेनापति असतो. अशाच एका सेनापतीनें आपल्या शिपायांवर ठेवलेल्या आरोपाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तो दप्तरांतून नव्हे, पारावरून. फुलंब्री हें छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, सिल्लोडमार्गें जळगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें, गिरजा नदीच्या खोऱ्यांतील तालुक्याचें गांव. येथें मारुतीच्या पारावर तीन माजी सैनिक सांजवेळीं बसत असतात. एक सुभेदार, एक हवालदार व एक नाईक. त्यांचीं नांवें देत नाहीं. त्यांचीच तशी इच्छा आहे. तिघेही निरनिराळ्या पलटणींतून १९८७ ते १९९० या काळांत श्रीलंकेंत गेलेल्या भारतीय शांतिसेनेंत होते. त्यांचें बोलणें आम्ही दोन वर्षें ऐकत आहों. तें क्रमवार कधींच नसतें. ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणांमधील अरुंद गल्ल्या, रस्त्याच्या पोटांत पुरलेले सुरुंग, वाट विचारावी तर तेथील भाषा कोणासच येत नाहीं, हे विषय फिरून फिरून येतात. हवालदार आपण पलालीच्या विमानतळावर उतरल्याची तारीख दर वेळीं निराळी सांगतात. पण उतरल्यावर पहिलें पाणी कोणत्या विहिरीचें प्यालों, तिचें तोंड केवढें होतें, आणि पाणी पिण्यापूर्वीं त्यांच्या नायकानें तें कसें हुंगून पाहिलें, हें त्यांच्या तोंडून एकदांही बदललेलें आम्हीं ऐकलें नाहीं.

एके दिवशीं पानिपतच्या उपासमारीचा विषय निघाला. सुभेदार म्हणाले, "गुरुजी, तिथं फौज उपाशी होती, झाडपाला खात होती, हे तुम्ही सांगता. पण त्यातला एखादा साधा शिपाई काय बोलला, ते कुठं लिहिलंय का?" भाऊसाहेबांची पत्रें आहेत, बखरी आहेत, वकिलांचीं अखबारें आहेत, साध्या बारगिराचा शब्द आम्हांस दाखवितां येईना. परंतु मराठे शिपाई परमुलखांत कोंडले जाऊन उपाशी मरूं लागले असा दुसरा प्रसंग आपल्या अधिक जवळच्या काळांतला आहे, व त्याचे कागद विपुल आहेत. तेथें तरी शिपाई बोलतो कीं काय, हें पाहावें असें मनांत आलें.

तो प्रसंग कुटचा. पहिल्या महायुद्धांत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूस मिळतांच १९१४ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थान सरकारनें इराणी आखातांत फौज उतरविली व बसरा घेतलें. या फौजेंतील सहाव्या डिव्हिजनचें नांवच पुणें डिव्हिजन असें होतें. तिच्यांत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी असून त्यांतील शिपाई मुख्यतः कोंकण व देश येथील खेड्यापाड्यांतले होते. जनरल टाऊनशेंड याच्या हाताखालीं ही डिव्हिजन टायग्रिस नदीच्या कांठानें वर सरकत गेली. १९१५ च्या सप्टेंबरअखेर कुट-अल-अमारा पडलें, आणि बगदाद हातचें आहे असें वरिष्ठांस वाटूं लागलें. २२ नोव्हेंबर रोजीं बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथें लढाई झाली. इराणच्या सासानी राजांची राजधानी ती हीच. शिपाई मात्र तिला तेथील दर्ग्यावरून सलमान पाक म्हणत. त्या लढाईंत साडेचार हजारांच्या आसपास माणसें कामास आलीं किंवा जखमी झालीं. डिव्हिजन मागें फिरली, ३ डिसेंबरास कुट येथें पोंचली, व चार दिवसांत तुर्कांनीं तिला वेढलें.

कुट हें बगदादच्या खालीं सुमारे १०० मैलांवर, नदीच्या एका वळणांत वसलेलें गांव. तिन्ही बाजूंस पाणी व चौथ्या बाजूस शत्रु. २४ डिसेंबर रोजीं ईशान्येकडील मातीच्या किल्ल्यावर तुर्कांनीं निकराचा हल्ला केला तो परतविणारांत १०३ वी मराठा पलटण होती. पुढें हल्ले थांबले, आणि भूक सुरू झाली. सुटकेसाठीं खालून निघालेल्या सैन्यानें जानेवारीपासून एप्रिलपर्यंत शेख साद, हन्ना, दुजैला व सन्नैयात येथें धडका दिल्या. त्यांत तेवीस हजारांच्या घरांत माणसें खर्चीं पडलीं, व कुट सुटलें नाहीं. आमच्या भागाचा संबंध या बाहेरच्या फौजेशीं येतो. निजामाच्या मुलखांतील हैदराबाद कंटिन्जंट, जिची एक छावणी औरंगाबादेस होती, ती १९०३ सालीं ब्रिटिश हिंदी सैन्यांत मिळविली गेली. तिच्यापासून झालेली ९७ वी डेक्कन इन्फन्ट्री कुटच्या सुटकेसाठीं लढणारांत होती. म्हणजे दख्खनचीं माणसें वेढ्याच्या आंतही होतीं व बाहेरही होतीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं टाऊनशेंडनें शस्त्रें खालीं ठेवलीं. सुमारे तेरा हजार माणसें कैद झालीं. त्यांत दहा हजारांहून अधिक हिंदी शिपाई व लष्करी नोकर होते.

आतां आरोप. जानेवारीच्या अखेरीपासून कुटमध्यें तोफांचे व रिसाल्याचे घोडे आणि खेंचरें मारून त्यांचें मांस शिध्यांत देण्यास आरंभ झाला. गोऱ्या शिपायांनीं तें घेतलें. हिंदी शिपायांनीं, हिंदु व मुसलमान या दोहोंनींही, बहुतेकांनीं नाकारलें. जवाच्या पिठावर ते दिवस काढीत राहिले. तें पीठ एप्रिलांत पांच औंस व त्याखालीं आलें, म्हणजे आपल्या मापानें जेमतेम बारा तोळे. रक्तपित्तीनें माणसें पडूं लागलीं. सेनापतीनें बिनतारी यंत्रानें हिंदुस्थानांतील दोन्ही धर्मांच्या अधिकाऱ्यांची अनुमति मागविली. ती आली, तरी शिपाई ऐकेनात. शेवटीं जे हिंदी अंमलदार मांस खाणार नाहींत त्यांच्या जागीं खाणारे नेमूं, अशी धमकी दिली गेली, व एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून बहुतेकांनीं खाल्लें. टाऊनशेंडनें १९२० सालीं आपल्या मोहिमेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदी शिपायांनीं आरंभापासून मांस घेतलें असतें तर कुट आणखी कांहीं दिवस लढवितां आलें असतें, हा त्याचा सूर आहे. पुढील अनेक ग्रंथकारांनीं तोच उचलला. इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढें त्यामुळें चित्र असें उभें राहिलें कीं, सोंवळेपणानें कुट बुडालें.

हा आरोप मोजून पाहण्यासारखा आहे, कारण तो दिवसांच्या हिशेबाचा आरोप आहे. वेढा पडल्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, फौजेस पूर्ण शिधा दिला जात होता. गांवांत दडवलेलें धान्य हुडकण्याचें काम नीट झालें तें जानेवारींतच. तोंपर्यंत सेनापति खालच्या फौजेस अन्न थोडेच दिवस पुरेल अशा तारा करीत होता. त्या तारांमुळें सुटकेची फौज पुरती जमण्यापूर्वींच, तोफा व दवाखाने मागें ठेवून, चिखलांत ढकलली गेली. २१ जानेवारीस हन्ना येथें तिची दाणादाण उडाली. त्यानंतर चारच दिवसांनीं सेनापतीनें कळविलें कीं घोडे धरून शिधा सुमारे ८४ दिवस पुरेल! पहिल्या सात आठवड्यांत अर्धा शिधा केला असता तर जे दिवस वांचते, ते घोड्याच्या मांसानें वांचणाऱ्या दिवसांहून कमी भरले असते असें आम्हांस वाटत नाहीं. निकोलस गार्डनर यांनीं २०१४ सालच्या आपल्या ग्रंथांत याचा तपशीलवार विचार केला असून, शिपायांचा नकार हा निव्वळ धर्माचा प्रश्न नव्हता, ढासळलेल्या विश्वासाचाही होता, असें दाखविलें आहे. शिपायांची भाषा जाणणारे कितीतरी गोरे अधिकारी सलमान पाक येथेंच पडले होते. त्यांच्या जागीं आलेल्यांचें बोलणें शिपायांस कळत नव्हतें.

पण धर्माचा प्रश्न होता हेंही खरें, आणि येथें परदेशीय ग्रंथकारांची वाट चुकते असें आमचें नम्र मत आहे. शास्त्राची अनुमति आली तरी शिपाई ऐकेनात, याचा अर्थ ते शास्त्राहून अधिक कर्मठ होते असा केला जातो. शास्त्र तर या बाबतींत फारच मोकळें आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत क्षुधेनें प्राण जाऊं लागला असतां वामदेव व विश्वामित्र श्वानमांसास प्रवृत्त झाले व त्यांस दोष लागला नाहीं, असे दाखले दिलेले आहेत. छांदोग्यांतील उषस्ति चाक्रायणाची कथा तर अधिक सूक्ष्म आहे. कुरुदेशांत पीक बुडालें (गारांनीं कीं टोळांनीं, याविषयीं मतभेद आहे), तेव्हां उषस्तीनें दुसऱ्याचे उष्टे कुल्माष मागून खाल्ले. परंतु त्यानेंच पुढें केलेलें उष्टें पाणी घेतलें नाहीं. कुल्माष न खातों तर जगलों नसतों, पाणी मला कोठेंही मिळेल, असें त्याचें उत्तर आहे. आपद्धर्माची सीमा कोठें संपते हें इतक्या थोडक्यांत दुसरीकडे कोठें सांगितलेलें आम्हांस आढळलें नाहीं.

शिपायास या सीमेची भीति नव्हती. त्यास गांवाची भीति होती. सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यांतील ज्या वाडींतून तो आला, तेथें त्याचा न्याय शहरांतले पंडित करणार नव्हते. भावकी करणार होती. घोडें खाल्लेल्याच्या घरची मुलगी कोण करील, हा त्याचा प्रश्न होता, व तो तारेनें सुटणारा नव्हता. त्यांतून मराठ्याच्या देवघरांत खंडोबाच्या टाकावर घोडा असतो, दसऱ्यास घोड्यास हळदकुंकू लागतें. बकरें खाणाऱ्या माणसास घोड्याचें काय वावडें, असें साहेबास वाटलें. आम्हांस वाटणार नाहीं. एकट्यानें खाल्लें तर एकटा वाळीत पडणार, सर्व पलटणीनें मिळून खाल्लें तर कोणीच कोणाविषयीं गांवीं जाऊन बोलणार नाहीं. आणि एप्रिलांत नेमकें हेंच झालेलें दिसतें. हुकूम सर्वांस झाला, सर्वांनीं खाल्लें. हा आमचा तर्क आहे, व तो तर्क म्हणूनच घ्यावा. भाजीपाल्यावांचून दांत हलूं लागल्यावर कुटच्या माळावरचें गवत व रानपाला शिजवून खाण्याची वेळ सर्वांवरच आली. खुद्द जनरल हॉटन अशी पालेभाजी बाधून मेला.

मग शिपायाची स्वतःची साक्ष कोठें आहे? येथें संशोधकाची निराशा होते. बंगाली वाङ्मयांत दोन ग्रंथ आहेत. कल्याणकुमार मुखर्जी हे डिव्हिजनबरोबर असलेले डॉक्टर. ते १९१७ सालीं कैदेंत रास-अल-ऐन येथें वारले, व त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदादेवी यांनीं १९२८ सालीं त्यांच्या पत्रांसह 'कल्याण-प्रदीप' हें चरित्र प्रसिद्ध केलें. दुसरे शिशिरप्रसाद सर्वाधिकारी. हे बंगाली रुग्णसेवा पथकांत होते, कुट येथें कैद झाले, वाळवंटांतून पायीं चालविले गेले, व आपल्या रोजनिशीचीं पानें बुटांत दडवून त्यांनीं ती वांचविली. त्यांचा 'अभि ले बगदाद' हा ग्रंथ १९५७ च्या सुमारास निघाला. दोन्ही ग्रंथ मोलाचे, पण दोघेही लेखक सुशिक्षित, व दोघांच्याही हातीं बंदूक नव्हती. फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी शिपायांचीं पत्रें तपासण्यासाठीं सरकारनें एक कचेरी उघडली होती; तिनें केलेले इंग्रजी उतारे लंडनमध्यें सुरक्षित आहेत, आणि मूळ पत्रें बहुतेक गेलीं. भाषांतर राहिलें व मूळ नष्ट झालें, हें दुःख पोथ्या जमविणारांस निराळें सांगावयास नको. ब्रिटिश शिपायांचें तसें झालें नाहीं. वेढ्यास पन्नास वर्षें उलटून गेल्यावर रसेल ब्रॅडन यांनीं वांचलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी मिळविल्या व १९६९ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास आपल्याकडेही त्या पलटणींतले म्हातारे जिवंत असणारच. कैदेंतून हिंदी शिपायांपैकीं सुमारे अडीच हजार परत आले नाहींत, पण हजारो आले. ते ओसरीवर बसून 'बसऱ्याच्या' गोष्टी सांगत, आणि आपली मंडळी त्याच वर्षीं त्याच गांवांत जाऊन शिवकालीन महजर आहे का, असें विचारून परत येत. यांत आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. १९७० नंतर आमच्याच विद्यार्थिदशेंत असा एखादा वृद्ध आम्हांस भेटला असता तर आम्हीं त्याच्या माळ्यावरचा पेटारा मात्र उघडून पाहिला असता.

शिपायांचे लेख म्हणून उरले ते दगड. पश्चिम महाराष्ट्रांत जुन्या चावड्यांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आढळतात. या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईस इतकीं माणसें गेलीं, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर. आंकडे आहेत, नांवें नाहींत. आपले यादवकालीन वीरगळही बहुधा निनांवी असतात. पण वीरगळावर निदान तो पुरुष कोरलेला असतो, त्याचें शस्त्र असतें, गायी असतात, त्यास नेणाऱ्या अप्सरा असतात. बसरा येथें १९२९ सालीं उभारलेल्या स्मारकावर ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिकांची नोंद आहे. त्यांत गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचीं कोरलीं, आणि हिंदी शिपायांच्या वांट्यास पलटणवार आंकडा आला. हें स्मारक १९९७ सालीं सद्दाम हुसेन यांच्या हुकुमानें मूळ जागेहून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटांत नेण्यांत आलें. राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालीं आपल्याच पूर्वसूरींचा हा भेदभाव मान्य करून क्षमा मागितली.

हें सर्व आम्हीं पारावर वाचून दाखविलें. दगडावरील आंकड्यांचें ऐकून नाईक म्हणाले कीं, श्रीलंकेनें कोलंबोजवळ बांधलेल्या स्मारकावर आमच्या माणसांचीं नांवें तरी आहेत. तें खरें आहे. बट्टरमुल्ल येथील त्या स्मारकावर अकराशेंहून अधिक नांवें कोरलेलीं आहेत. तें परक्या देशानें बांधलें, हेंही त्यांनीं लागलीच बोलून दाखविलें. सुभेदारांस २४ मार्च १९९० हा दिवस आठवतो. शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरांत उतरली, आणि राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधि स्वागतास आले नाहींत.

मग आम्हीं रीतसर टिपण घेण्यास आरंभ केला. प्रत्येकाची हकीकत निराळी घ्यावयाची, दुसऱ्यादेखत नाहीं. तारखा नोकरीच्या पुस्तकावरून पडताळावयाच्या. जें स्वतः पाहिलें व जें दुसऱ्याकडून ऐकलें तें निरनिराळ्या शाईनें लिहावयाचें. टाऊनशेंडचा ग्रंथ एकांगी म्हणून आम्ही त्यास दोष देतों, तर आमचें टिपणही एकांगी होऊं नये, म्हणून जाफन्याच्या विद्यापीठांतील अध्यापकांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेला 'द ब्रोकन पामायरा' हा ग्रंथ आम्हीं मिळविला. त्याच्या लेखकांपैकीं डॉ. रजनी तिराणगमा यांचा ग्रंथ निघण्यापूर्वींच, सप्टेंबर १९८९ मध्यें, खून झाला. त्यांत जाफन्याच्या रुग्णालयाचें प्रकरण आहे. २१ व २२ ऑक्टोबर १९८७ या दोन दिवसांत तेथें डॉक्टर, परिचारिका व रुग्ण गोळीबारांत मारले गेले. भारतीय सैन्याच्या म्हणण्याप्रमाणें दुतर्फा चकमकींत, तेथील साक्षीदारांच्या म्हणण्याप्रमाणें तसें नव्हे. हें प्रकरण आम्हीं पारावर काढलें. तिघेही गप्प झाले. त्या वेळीं आपली पलटण त्या शहरांत नव्हती असें हवालदारांनीं थोड्या वेळानें सांगितलें, व तें त्यांच्या पुस्तकावरून खरें आहे. सुभेदार कांहींच बोलले नाहींत. संशोधक म्हणून पुढें विचारावयास हवें होतें. शेजारी म्हणून आम्हांस तें जमलें नाहीं. टिपणांत त्या जागीं आम्हीं कोरी ओळ सोडली आहे व ती कां सोडली हें समासांत लिहून ठेवलें आहे.

त्यानंतर आठ दिवसांनीं हवालदारांनीं एक पुडकें आमच्या घरीं आणून दिलें. जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधलेलीं ४१ आंतर्देशीय पत्रें, त्यांनीं तिकडून पत्नीस धाडलेलीं; पाठविणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसता ५६ ए.पी.ओ. निळा कागद घडीच्या जागीं फाटला असून सात पत्रांची खालची कड वाळवीनें खाल्ली आहे. त्यांत लढाईचा एक शब्द नाहीं. पाऊस झाला का, विहिरीस पाणी किती परस राहिलें, गोऱ्ह्यास कितीला मागितलें, धाकटीच्या कानाचें दुखणें बरें झालें का, एवढेंच. एका पत्रांत मात्र, 'इकडे सर्व ठीक' या वाक्याखालीं, दोन ओळी त्याच शाईनें इतक्या गिरबटल्या आहेत कीं भिंगानेंही लागत नाहींत. त्या काय होत्या असें विचारलें तेव्हां हवालदार म्हणाले कीं, त्या कागदावरून वाचूं नका, आपण तोंडीं सांगूं. दिवाळीनंतर बसावयाचें ठरलें आहे. पत्रांस आम्हीं १ ते ४१ असे क्रमांक दिले असून पहिल्या बारांची नक्कल पुरी झाली आहे.